इंजिन बदललेल्या गाडीचे फटाके : निदानाची शिस्त



रत्नागिरी जिल्ह्यातील चढउतारांचे रस्ते ज्यांना परिचित आहेत, त्यांना जुनी जीपगाडीही परिचित आहे. महिंद्र उद्योगसमूहाने १९४७ साली मुंबईत विलीज जीपगाड्यांची जुळणी सुरू केली आणि पुढील अनेक वर्षे गटविकास अधिकाऱ्यांचे दौरे, आरोग्य पथकांच्या फेऱ्या व निवडणुकीच्या पेट्यांची ने-आण याच गाडीने केली. शासनाच्या सेवेतून निवृत्त झालेली जीप लिलावात निघे आणि एखाद्या बागायतदाराच्या किंवा छोट्या व्यावसायिकाच्या दारात उभी राही. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपेक्षा अधिक जुन्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. त्यामुळे आज रस्त्यावर दिसणाऱ्या जुन्या जीपगाड्या बहुतांशी खाजगी मालकीच्याच आहेत.

अशा गाडीचा सांगाडा भक्कम राहतो, परंतु मूळ इंजिन थकते आणि त्याचे सुटे भाग दुर्मिळ होतात. मग मालक दुसऱ्या गाडीचे इंजिन तिच्यात बसवून घेतो. बरेच वेळा डिझेल इंजिन बसविले जाते. काही वेळा जिप्सी, अँबेसेडर अशा गाडीचे पेट्रोल इंजिन येते. काम पुरे होते, गाडी सुरू होते, आणि थोड्याच दिवसांत एक तक्रार पुढे येते: गाडी फटाके मारते. घाट उतरताना, पिकअप घेताना, किंवा उभ्या जागी रेस करून सोडली असता सायलेन्सरमधून बार उडाल्यासारखा आवाज होतो.

ही तक्रार घेऊन मालक गॅरेजमध्ये गेला की प्लग बदलले जातात. आवाज राहतो. मग कार्ब्युरेटर बदलला जातो, त्यानंतर कॉइल, त्यानंतर सायलेन्सर. प्रत्येक वेळी खर्च होतो, आणि कारण मात्र जागच्या जागी राहते. मूळ कंपनीच्या इंजिनावर चालणाऱ्या गाडीत दोष शोधताना निर्मात्याची पुस्तिका हाताशी असते. इंजिन बदललेल्या गाडीला अशी पुस्तिकाच नसते; तिचे अर्धे अंग एका पुस्तिकेतील आणि अर्धे दुसऱ्या. म्हणूनच अशा गाडीचे निदान अंदाजाने न होता ठरावीक क्रमाने व्हावे लागते. तो क्रम कोणता, आणि तो तसाच का, याचा विचार या व्याख्यानात करावयाचा आहे.

फटाका म्हणजे नेमके काय

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये ओढले जाते, दाबले जाते, ठिणगीने पेटविले जाते आणि जळालेला वायू बाहेर टाकला जातो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा आणि एकंदर इंजिनात सेकंदाला १०० वेळा ही पेट घ्यावी लागते. यांतील एखादी ठिणगी चुकली किंवा उशिरा पडली, तर त्या वेळचे मिश्रण पूर्ण न जळता एक्झॉस्ट वाल्वमधून बाहेर पडते. बाहेर तापलेली नळी असते. तेथे पुरेशी हवा मिळाली की ते मिश्रण सिलिंडरऐवजी सायलेन्सरमध्ये जळते. हाच फटाका.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. फटाका फुटण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: न जळलेले पेट्रोल, हवा आणि उष्णता. उष्णता सायलेन्सरमध्ये नेहमीच असते. तेव्हा शोध दोनच गोष्टींचा घ्यावयाचा. पेट्रोल न जळता बाहेर का आले, आणि हवा त्याला कोठे मिळाली. बहुसंख्य फसलेल्या दुरुस्त्यांत या दोहोंपैकी एकाचाच विचार झालेला असतो.

डिझेल इंजिनात ठिणगीच नसते; दाबाने तापलेल्या हवेत डिझेल फवारले जाते व ते आपोआप पेट घेते. त्यामुळे पुढील विवेचन पेट्रोल इंजिनापुरते आहे. जीपमध्ये डिझेल इंजिन असेल आणि ते ठोके देत असेल, तर त्याची कारणे निराळी असतात आणि ती इंधनपंप व नोझल यांच्याकडे शोधावी लागतात.

आवाज कोठून येतो आणि केव्हा येतो

निदानाचे पहिले साधन कान होय. आवाज मागून, सायलेन्सरमधून येतो की पुढून, कार्ब्युरेटरमधून, हे आधी ठरवावे. कार्ब्युरेटरमधून होणारा उलटा बार बहुधा पातळ मिश्रणामुळे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडल्यामुळे, किंवा इनलेट वाल्व नीट न बसल्यामुळे होतो. तो अधिक धोक्याचा असतो, कारण तेथे पेट्रोलची वाफ उघड्यावर असते. प्लगच्या वायरींची अदलाबदल झाली असेल, तर आवाज दोन्हीकडून येऊ शकतो.

आवाज केव्हा होतो, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. कोल्हापूरहून येताना आंबा घाट उतरून साखरप्याकडे गाडी येत असते. चालकाने ॲक्सिलरेटर सोडलेला असतो आणि गाडी गिअरवर रोखलेली असते. अशा वेळी सिलिंडरमध्ये मिश्रण अत्यंत कमी जाते, जळालेला जुना वायू त्यात मिसळतो, आणि काही ठिणग्या वाया जातात. न पेटलेले मिश्रण सायलेन्सरमध्ये साठते. सायलेन्सरचा एखादा सांधा सुटा असेल, तर तेथून बाहेरची हवा आत खेचली जाते आणि फटाके सुरू होतात. फटाके केवळ उतारावरच होत असतील, तर सायलेन्सरच्या सांध्यांवर आणि कार्ब्युरेटरच्या सेटिंगवर प्रथम संशय घ्यावा.

फटाके चढावर, पूर्ण जोर देताना होत असतील, तर ठिणगीचा दोष संभवतो. ताणाखाली सिलिंडरमधील दाब वाढतो आणि दुबळी ठिणगी त्या दाबात पडत नाही. उभ्या गाडीत, नियमित अंतराने, एकाच तालात आवाज येत असेल, तर एकच सिलिंडर दोषी असण्याचा संभव अधिक. इंजिन तापल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर कॉइल, कंडेन्सर किंवा घट्ट बसविलेले टॅपेट यांचा विचार करावा. फक्त पावसात होत असेल, तर वायरी आणि डिस्ट्रिब्युटरची टोपी पाहावी.

ही निरीक्षणे मालकाने किंवा चालकाने कागदावर लिहून मेस्त्रीला दिली, तर मेस्त्रीचे निम्मे काम हलके होते. यास कोणतेही उपकरण लागत नाही.

जुन्याचा आणि नव्याचा सांधा

इंजिन बदललेल्या गाडीत दोष इंजिनाच्या पोटात असण्यापेक्षा जेथे नवे इंजिन जुन्या गाडीला जोडले गेले, तेथे असण्याचा संभव अधिक असतो. असे सांधे मोजकेच आहेत आणि ते एकेक करून तपासता येतात.

पहिला सांधा टायमिंगच्या खुणेचा. ठिणगी केव्हा पडावी याची खूण इंजिनाच्या पुढील पुलीवर किंवा मागील फ्लायव्हीलवर असते. इंजिन दुसऱ्या गिअरबॉक्सला जोडताना मधली पट्टी किंवा घंटेच्या आकाराचे आवरण बदलते, आणि खूण पाहण्याची खिडकीच नाहीशी होते. पुली दुसऱ्या इंजिनाची बसविली असेल, तर खूण दिसते परंतु खोटी असते. मग टायमिंग कानाने लावले जाते. टायमिंग उशिरा असेल, तर जळण पुरे होण्याआधीच एक्झॉस्ट वाल्व उघडतो, जळते मिश्रण नळीत जाते, मॅनिफोल्ड लाल होतो आणि फटाके होतात. यावर उपाय एकच: पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून, दोन्ही वाल्व बंद असताना, पिस्टन नेमका वरच्या टोकास आणावा आणि तेथे नवी, खरी खूण करून घ्यावी.

दुसरा सांधा वायरींच्या क्रमाचा. जुन्या जीपचे, अँबेसेडरचे आणि जिप्सीचे चार सिलिंडरचे इंजिन १-३-४-२ या क्रमाने पेट घेते. मारुती ८०० च्या तीन सिलिंडरच्या इंजिनाचा क्रम १-३-२ असा आहे. क्रम ठाऊक असला तरी डिस्ट्रिब्युटर कोणत्या दिशेने फिरतो, हे प्रत्यक्ष पाहिल्यावाचून वायरी लावू नयेत. दिशा उलटी गृहीत धरली, तर चारांपैकी दोन वायरी चुकीच्या जागी जातात. अशा स्थितीत इंजिन धडपडत चालू शकते आणि दोन्ही बाजूंनी बार उडविते.

तिसरा सांधा अर्थिंगचा. इंजिन रबरी पायांवर बसलेले असते, त्यामुळे इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी तांब्याची जाड पट्टी आवश्यक असते. इंजिन उतरविताना ती काढली जाते आणि पुन्हा लावण्याचे राहून जाते. मग स्टार्टरचा प्रवाह ॲक्सिलरेटरच्या किंवा चोकच्या तारेतून वाट काढतो. स्टार्टर मारल्यावर ही तार गरम लागत असेल, तर पट्टी नाही किंवा गंजली आहे, असे निश्चित समजावे. दुबळ्या ठिणगीचे हे अत्यंत स्वस्तात दुरुस्त होणारे कारण होय.

चौथा सांधा कॉइलच्या विद्युत्‌दाबाचा. काही कॉइल पूर्ण १२ व्होल्टवर चालण्यासाठी बनविलेल्या असतात, तर काहींच्या आधी रोधक लावावा लागतो. नव्या इंजिनाची कॉइल आणि जुन्या गाडीचे वायरिंग यांचा मेळ नसेल, तर एकतर ठिणगी दुबळी पडते किंवा पॉइंट लवकर जळतात. फार जुन्या जीपगाड्या ६ व्होल्टच्या होत्या, हेही येथे ध्यानात ठेवावे.

पाचवा सांधा कार्ब्युरेटरचा. जुन्या जीपचे इंजिन सुमारे २,२०० घन सेंटीमीटरचे, तर नंतरच्या जिप्सीचे १,२९८ घन सेंटीमीटरचे. एकाचा कार्ब्युरेटर दुसऱ्यावर बसविला, तर तो नळीला जुळतो म्हणून इंजिनालाही जुळेल, असे नाही. त्याशिवाय विजेवर चालणारा पेट्रोलपंप बसविला असेल, तर त्याचा दाब फ्लोटच्या सुईला पेलवत नाही आणि पेट्रोल ओसंडून मिश्रण दाट होते. इंजिन मूळ कोनापेक्षा तिरके बसले असेल, तरी फ्लोटची पातळी बिघडते.

सहावा सांधा सायलेन्सरच्या नळीचा. नव्या इंजिनाचा मॅनिफोल्ड आणि जुन्या गाडीची नळी यांची तोंडे क्वचितच जुळतात. मग पट्टी कापून वेल्डिंग केले जाते. तोंड किंचित वाकडे राहिले की पॅकिंग जळते आणि तेथून हवा आत येऊ लागते.

ज्या गाड्यांत संगणकनियंत्रित, म्हणजे एमपीएफआय, इंजिन बसविले आहे, त्यांत सातवा सांधा वायरिंगच्या गुच्छाचा असतो. सायलेन्सरमध्ये गळती असेल, तर तेथील ऑक्सिजन सेन्सर बाहेरच्या हवेने फसतो, मिश्रण पातळ आहे असे संगणकास कळवितो, आणि संगणक विनाकारण अधिक पेट्रोल सोडतो. येथेही गळती आधी, संगणक नंतर, हाच क्रम योग्य ठरतो.

तपासणीचा क्रम

क्रम ठरविण्याचे तत्त्व साधे आहे. ज्यास खर्च नाही ते आधी, ज्यास सुटे भाग लागतात ते नंतर, आणि ज्यास इंजिन उघडावे लागते ते अखेरीस. दुसरे तत्त्व असे, की एका वेळी एकच बदल करावा आणि त्यानंतर गाडी त्याच रस्त्यावर, त्याच परिस्थितीत चालवून पाहावी. प्लग, पॉइंट आणि टायमिंग एकदम बदलले आणि आवाज थांबला, तर कशाने थांबला हे कळत नाही. आणि न थांबल्यास नव्या भागांपैकीच एखादा सदोष आहे काय, हेही कळत नाही.

थंड इंजिन सुरू करून मॅनिफोल्डपासून शेवटच्या तोंडापर्यंत सायलेन्सरचे सांधे पाहावेत. गळतीच्या जागी काजळीची काळी रेघ उमटलेली असते. जाड फडके हातात धरून सायलेन्सरचे मागचे तोंड क्षणभर अर्धवट झाकले, तर गळतीच्या जागी फुसफुस ऐकू येते. ही तपासणी उघड्यावरच करावी. बंद गॅरेजमध्ये साठणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व वासहीन असतो आणि प्राणघातक ठरतो.

त्यानंतर प्लग काढून क्रमाने मांडावेत. फिकट तपकिरी रंग चांगल्या जळणाचा, काळी भुकटी दाट मिश्रणाची, पांढरट रंग पातळ मिश्रणाचा, आणि पेट्रोलने ओला प्लग ठिणगी न पडल्याचा निदर्शक होय. चारही प्लग एकाच रंगाचे असतील, तर दोष सर्वांना सामाईक अशा जागी, म्हणजे कार्ब्युरेटर, कॉइल किंवा टायमिंग येथे शोधावा. एकच निराळा असेल, तर त्या सिलिंडरची वायर, प्लग आणि वाल्व पाहावेत. पॉइंटवर चालणाऱ्या जुन्या इंजिनात, विद्युतरोधक पक्कड वापरून, एकेका प्लगची वायर काढून पाहता येते. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर इंजिनाची गती उतरत नाही, तो मुळातच काम करीत नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असलेल्या इंजिनात हा प्रयोग करू नये; त्याने उपकरण बिघडते आणि धक्काही जोराचा बसतो.

तिसऱ्या पायरीवर वायरींचा क्रम, अर्थिंगची पट्टी, पॉइंटमधील अंतर आणि टायमिंग तपासावे. टायमिंगच्या जोडीला ते आपोआप पुढे नेणारी यंत्रणाही पाहावी. डिस्ट्रिब्युटरमधील वजने गंजून अडकलेली असतात, किंवा व्हॅक्यूमची रबरी नळी चिरलेली असते. नवा मॅनिफोल्ड बसविताना ही नळी जोडण्यास जागाच उरलेली नाही, असेही आढळते.

चौथ्या पायरीवर कार्ब्युरेटर हाती घ्यावा. चोक पूर्ण उघडतो काय, फ्लोटची पातळी बरोबर आहे काय, आणि मंद गतीचा स्क्रू योग्य जागी आहे काय, एवढे पाहिले तरी पुष्कळ काम होते.

यानंतरही आवाज राहिला, तरच टॅपेटचे अंतर, सिलिंडरमधील दाब आणि टायमिंग बेल्ट किंवा साखळी यांकडे वळावे. एक्झॉस्ट वाल्व जळला असेल, तर त्या सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी भरतो. टायमिंग बेल्ट एक दात सरकला असेल, तर सर्वच सिलिंडरांवर परिणाम होतो आणि गाडीची ताकद प्रारंभापासूनच कमी असते.

या सर्व पायऱ्यांत एक साधन जवळच उपलब्ध असून दुर्लक्षित राहते, ते म्हणजे पीयूसी केंद्रातील वायूमापक यंत्र. मालक तेथे प्रमाणपत्रासाठी जातो. वास्तविक तेथील आकडे हे निदानाचे कागदपत्रच होय. हायड्रोकार्बनचा आकडा फार मोठा आणि कार्बन मोनॉक्साइड कमी असेल, तर ठिणगी चुकते आहे किंवा मिश्रण पातळ आहे. दोन्ही आकडे मोठे असतील, तर मिश्रण दाट आहे. सायलेन्सरला गळती असेल, तर बाहेरच्या हवेमुळे दोन्ही आकडे फसवे येतात. म्हणून गळती बंद केल्यावरच हे मापन घ्यावे.

एक उदाहरण

हा क्रम कसा उपयोगी पडतो, हे एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. जिप्सीचे कार्ब्युरेटरवरील इंजिन बसविलेली एक जीप आहे असे समजू. ती सपाटीवर नीट चालते, घाट उतरताना मात्र फटाके मारते. प्लग नवे घातलेले आहेत, कार्ब्युरेटर साफ केलेला आहे.

सायलेन्सर तपासला असता मॅनिफोल्डच्या तोंडाशी काजळी आढळते. तोंड घासून, नवे पॅकिंग घालून बसविले जाते. घाटात पुन्हा पाहिले, तर फटाके निम्म्यावर आले आहेत, परंतु थांबलेले नाहीत. येथे थांबून सायलेन्सरच नवा घालावा असा मोह होतो. क्रम पुढे चालविला, तर पहिल्या सिलिंडरच्या पिस्टनवरून खरी खूण निश्चित केली जाते आणि टायमिंग पुष्कळ उशिरा असल्याचे उघड होते. कोणीतरी पूर्वी इंजिनाचा ठोका घालविण्यासाठी डिस्ट्रिब्युटर फिरवून ठेवलेला असतो. टायमिंग दुरुस्त केल्यावर फटाके थांबतात, आणि इंजिनाचे तापणेही कमी होते.

या उदाहरणात कारणे दोन होती. उशिराच्या ठिणगीने पेट्रोल पुरविले आणि सुट्या सांध्याने हवा पुरविली. एकच बंद केले असते तर तक्रार कमी झाली असती, परंतु मिटली नसती. आणि मालकाने उरलेल्या आवाजासाठी नको तो खर्च केला असता.

कोकणचे हवामान आणि आजचे इंधन

रत्नागिरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि समुद्राची खारी हवा बारमाही असते. सायलेन्सरचे पत्रे येथे लवकर सडतात आणि अर्थिंगच्या जोडांवर हिरवा थर चढतो. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल धरली की ठिणगी प्लगपर्यंत न जाता टोपीतच पसरते आणि तेथे काळी रेघ उमटते. रात्रीच्या अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले, तर गळक्या वायरींवर निळसर ठिणग्या डोळ्यांना दिसतात. पावसाळ्यापूर्वी टोपी, वायरी व अर्थिंग यांची एकदा तपासणी केली, तर जून-जुलैतील पुष्कळ तक्रारी टळतात.

इंधनातही बदल झाला आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो पुरते. साहजिकच शुद्ध पेट्रोलसाठी आखलेल्या जुन्या कार्ब्युरेटरमध्ये हे मिश्रण पातळ पडते. आणि पातळ मिश्रण ठिणगीने नेहमीच पेट घेत नाही. संगणकनियंत्रित इंजिन काही मर्यादेत हा फरक सावरून घेते, कार्ब्युरेटर सावरीत नाही. शिवाय इथेनॉल ओल शोषून घेते. गाडी पावसाळाभर उभी राहिली, तर पाणी टाकीच्या तळाशी वेगळे होऊ शकते. फ्लोटच्या वाटीतील इंधन काचेच्या भांड्यात काढून पाहिले, तर पाण्याचा थर तळाशी दिसतो. जुन्या रबरी नळ्याही इथेनॉलने मऊ पडतात; त्या बदलून घेणे हिताचे.

आगीचा धोका

फटाक्याचा आवाज ही केवळ कानास होणारी पीडा नव्हे. सायलेन्सरमध्ये वारंवार पेट घेणारे मिश्रण त्याचे आतील पडदे फाडते आणि नळीस लाल करते. फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत कोकणातील बागा आणि कातळावरचे गवत वाळलेले असते. आंबा काढणीच्या दिवसांत हीच जीप पेट्या भरण्यासाठी कलमांच्या रांगांत, गुडघाभर सुक्या गवतावर उभी राहते. तापलेल्या नळीला गवत टेकले किंवा एक ठिणगी बाहेर पडली, तरी अनेक वर्षे वाढविलेली कलमे तासाभरात जळू शकतात, आणि वणवा शेजाऱ्याच्या बांधावर थांबत नाही. म्हणून फटाके मारणारी गाडी दुरुस्त होईपर्यंत बागेत नेऊ नये, आणि कोणत्याही जुन्या गाडीत अग्निशामक सिलिंडर ठेवावा.

कायद्याची बाजू

इंजिन बदलणे ही केवळ मालकाच्या मर्जीची बाब नाही. गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर सांगाड्याचा आणि इंजिनाचा क्रमांक असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे तत्त्व स्पष्ट केले. इंजिन बदलल्यास त्याची माहिती १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य फेरबदलासाठी प्रत्येकी ५,००० रुपये दंडाची अथवा सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद झाली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० अन्वये प्रत्येक मोटार वाहनास सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. तेव्हा फटाके ऐकू येऊ नयेत म्हणून सायलेन्सर कापणे किंवा त्याचे पोट रिकामे करणे हाही अपराधच होय.

जुन्या गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना तपासणी होते आणि प्रमाणपत्रावरील इंजिन क्रमांक प्रत्यक्ष इंजिनाशी ताडून पाहिला जातो. अपघात झाल्यास विमा कंपनीही हेच पाहते. ज्याने रीतसर मान्यता घेतलेली नाही, त्याची गाडी कितीही सुरेख चालत असली, तरी ऐन गरजेच्या वेळी तो अडचणीत येतो. इंजिन बसविण्यापूर्वीच प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करणे, हे यास्तव पहिले काम समजावे.

शिक्षकांना व पंचायत सदस्यांना

रत्नागिरी जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार दुरुस्तीचे शिक्षण घेणारे तरुण दरवर्षी बाहेर पडतात. नव्या गाड्यांत संगणक दोषाचा सांकेतिक क्रमांक दाखवितो, त्यामुळे कानाने, डोळ्याने आणि तर्काने दोष शोधण्याची सवय या तरुणांत कमी होत जाण्याचा संभव आहे. एखादे जुने चार सिलिंडरचे इंजिन चौकटीवर बसवून, त्यात मुद्दाम एक दोष ठेवून, तो विद्यार्थ्यांना क्रमाने शोधावयास लावला, तर हे शिक्षण अल्प खर्चात होईल. हायस्कुलातील विज्ञान शिक्षकांनाही ज्वलनास लागणारे इंधन, हवा आणि उष्णता हा धडा शिकविताना सायलेन्सरमधील फटाक्यासारखे दुसरे ओळखीचे उदाहरण मिळणे कठीण. पंचायत सदस्यांनी काढणीच्या हंगामापूर्वी आपल्या गावातील जुन्या गाड्यांच्या मालकांना एकत्र बोलावून गळती, अर्थिंग व नळ्या यांची तपासणी एका दिवसात करून घेतली, तर वणव्याचे एक कारण तरी कमी होईल.

गावच्या गॅरेजातील मेस्त्रीचा अनुभव मोठा असतो, यात शंका नाही. त्या अनुभवास लिहिलेल्या क्रमाची जोड मिळावी, एवढेच येथे सुचवावयाचे आहे. दहा ओळींचा एक तक्ता गॅरेजच्या भिंतीवर लावला, प्रत्येक गाडीसाठी कोणती पायरी केव्हा पाहिली आणि काय आढळले याची नोंद ठेवली, तर पुढच्या वेळी तीच गाडी आली असता काम आरंभापासून करावे लागत नाही. इंजिन बदललेल्या गाडीला निर्मात्याची पुस्तिका नसते. मेस्त्रीने आणि मालकाने मिळून ठेवलेली ही वहीच तिची पुस्तिका ठरते.